रंधा बघायचाय ना, मग धरण किती भरलंय ते बघा

ताई, तुम्ही विचारलंय की जूनच्या शेवटी भंडारदऱ्याला गेलं तर तिथला रंधा धबधबा जोरात असेल का, की १५ ऑगस्टपर्यंत थांबायचं. जून तर सोडाच. आम्ही एकदा असंच, पाऊस धो धो चाललाय म्हणून जूनअखेर गेलेलो, रतनवाडीच्या रस्त्याला जिकडे बघावं तिकडे कड्यांवरून पांढऱ्या धारा, वायपर थांबायचं नाव नाही, आणि रंध्याला येऊन बघतो तर कातळाच्या एका कडेनं चहाच्या रंगाची बारीकशी धार. कणसं भाजणाऱ्या मावशी निखारे फुंकता फुंकता म्हणाल्या, "धरण भरू द्या की आधी!"

मेख तिथेच आहे. रंधा प्रवरेवर, आणि त्याच्या वरच्या अंगाला विल्सन डॅम, म्हणजेच भंडारदरा धरण, १९२६ सालचं, ११ टीएमसीचं (११ अब्ज घनफूट). घाटघर-रतनवाडीला कोसळलेला पाऊस आधी त्याच्या पोटात जातो, ते भरत आलं आणि खाली पाणी सोडलं की मग रंधा गर्जतो. बहुतेक वर्षी ऑगस्ट उजाडतो, पण तारखेवर जाऊ नका, पेपरात धरणसाठ्याची चौकट येते ना, त्यात भंडारदऱ्याचा विसर्ग (सोडलेलं पाणी) क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट, असा देतात, तो आकडा चांगला फुगला की निघा. अंब्रेला फॉलचंही तेच, तो तर धरणाच्या भिंतीच्या पायथ्यालाच, मोरीतून पाणी सुटलं तरच छत्री उघडते.

नेकलेस आणि रस्त्याकडेचे बाकीचे धबधबे मात्र थेट डोंगरावरच्या पावसावर चालतात, त्यांना जुलै बेस्ट, दोन दिवस उघडीप पडली की लगेच बारीक होतात. जुलैत धुकं पण असलं की समोर धबधबा आहे हे फक्त आवाजावरून कळायचं, नशिबाचा भाग.

१५ ऑगस्टच्या सुट्टीत खरंच नको, पाण्यापेक्षा गाड्यांच्या रांगाच जास्त बघाल. त्यानंतरचा एखादा मंगळवार-बुधवार जमवा. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर असं येणार असाल तर रंधा शेंडीच्या (धरणाजवळचं गाव) आधी १० किमीवर लागतो, तेव्हाच उतरून बघा, "परतताना बघू" म्हणालात की अंधार झालाच समजा. आणि विसर्ग मोठा असेल तर पोरांना रेलिंगपासून लांबच ठेवा, तुषारांनी फरशी शेवाळलेली असते, माझा स्वतःचा पाय सटकलाय तिथे.