एमडींना टीव्हीवर बोलावतील कसे? चॅनेलच्या गेस्ट डेस्कवर काम केलेल्या बाईचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनी मध्यम आकाराची, धंदा मालवाहतुकीचा. एमडींना विषयाची उत्तम जाण आहे, बोलतातही चांगलं. चार महिन्यांत तुम्ही डझनभर प्रेस नोट पाठवल्या, पण एकाही चॅनेलने बोलावलं नाही. मग यासाठी ओळख लागते का, की पीआर एजन्सी लावावी?

मी सहा वर्षं एका बिझनेस चॅनेलच्या गेस्ट डेस्कवर होते. म्हणजे कुठल्या बातमीवर कोण पाहुणा बोलणार, त्याला शोधायचं, फोन करायचा, वेळेत कॅमेऱ्यासमोर बसवायचं. त्यानंतर बाजू बदलली आणि आता कंपन्यांच्या लोकांना त्याच डेस्कपर्यंत पोचवते. ओळखीचं म्हणाल तर ओळखीने फोन उचलला जातो, पण पाहुणा ओळखीने ठरत नाही. तो बातमीवरून ठरतो, आणि ती बातमी बहुतेक वेळा तुमच्या कंपनीची नसते.

तुम्ही नमुन्यादाखल दिलेल्या प्रेस नोटचं पहिलं वाक्य होतं, 'ग्राहकसेवेचा ध्यास घेतलेल्या आमच्या अग्रगण्य कंपनीने नवीन गोदाम सुरू केले आहे.' मी डेस्कवर असते तर इथेच थांबले असते. गोदाम वाईट आहे म्हणून नाही. संध्याकाळी टीव्ही लावणाऱ्या माणसाला त्यातून काय मिळणार, हे त्या वाक्यात नाही म्हणून. अशी नोट वर्तमानपत्राच्या उद्योग पानावर चार ओळींत लागू शकते. टीव्हीला बोलणारा माणूस लागतो आणि त्याला बोलायला आजचं काहीतरी कारण लागतं.

आमच्या डेस्कवर पाहुण्यांची एक शीट असायची. त्यात रकाने होते: नाव, विषय, किती वेळात येतात, कॅमेऱ्यावर कसे आहेत. शेवटच्या रकान्यात एखादा शेरा, 'आकडे तोंडपाठ', 'सोपं बोलतात', 'कंपनीची जाहिरात करतात'. हा तिसरा शेरा लागला की त्या नावाला पुन्हा फोन जात नसे. कंपनी केवढी आहे यासाठी रकानाच नव्हता. फोनमध्येही मी नावं विषयानुसारच सेव्ह करायचे, कारण दुपारी दीड वाजता प्रोड्यूसर ओरडायचा तो 'कंटेनर भाड्यावर कोण आहे?' असा. कंपनीचं नाव तो कधीच घेत नसे. तुमच्या एमडींचं नाव अशा दहा-बारा फोनमध्ये त्यांच्या विषयासकट सेव्ह व्हावं, एवढंच आपल्याला साधायचंय.

एक प्रसंग जवळून सांगते, तुमच्याच क्षेत्रातला आहे. मार्च २०२१मध्ये 'एव्हर गिव्हन' हे ४०० मीटर लांबीचं कंटेनर जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं. २३ तारखेला अडकलं ते २९ला सुटलं. त्या सहा दिवसांत सगळ्या चॅनेलांना एकच माणूस हवा होता, याचा माझ्या प्रेक्षकावर काय परिणाम होणार हे सांगणारा. तेव्हा माझ्याकडे यंत्रांचे सुटे भाग आयात करणारी एक कंपनी होती. तिचं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. मी डेस्कला पाठवलेला मेसेज साधारण असा होता:

'सुएझ बंद राहिला तर कुठल्या मालाला आधी फटका बसेल, हे आमचे पुरवठाप्रमुख सांगू शकतात. त्यांचा स्वतःचा माल याच मार्गावर आहे. आफ्रिकेला वळसा घातला तर वाढणारा खर्च ग्राहकावरच येणार असं त्यांचं मत आहे, आणि का, ते उदाहरणासह सांगतील. आज ११ ते ४ मोकळे आहेत. स्टुडिओ किंवा व्हिडिओ कॉल, दोन्ही चालेल. हा माझा नंबर, मीच उचलते.'

अर्ध्या तासात फोन आला. मेसेजमध्ये कंपनीचा इतिहास नाही, विशेषणं नाहीत, पीडीएफ जोडलेली नाही. विषय आहे, हा माणूसच का याचं उत्तर आहे, एक ठाम मत आहे आणि वेळ आहे. मत फार महत्त्वाचं. 'परिस्थितीवर आमचं बारीक लक्ष आहे' असं म्हणणाऱ्याला कुणी बोलावत नाही.

आता वेळेबद्दल, कारण बहुतेक कंपन्यांचं गाडं इथेच अडतं. डेस्कवर आम्ही एका स्लॉटसाठी एकाच वेळी तिघा-चौघांना विचारायचो आणि जो आधी 'हो' म्हणेल तो बसायचा. एकदा एका बड्या कंपनीच्या ऑफिसातून उत्तर आलं, 'सरांच्या सेक्रेटरींना विचारून कळवतो.' सव्वादोन तासांनी होकार आला तेव्हा मुलाखत होऊन गेली होती आणि पुढच्या वेळी मी त्यांना विचारलंच नाही. म्हणून एमडींशी आजच बसून तीन गोष्टी ठरवून घ्या. कुठल्या तीन-चार विषयांवर ते न विचारता 'हो' म्हणायची परवानगी तुम्हाला देतात? दिवसातल्या कुठल्या वेळा चालतील? आणि मीटिंग मध्येच सोडून यावं लागलं तर येतील का? या तिसऱ्या प्रश्नावर ते कां कू करू लागले, तर लाइव्हच्या मागे लागू नका. रेकॉर्डेड मुलाखतींवर भर द्या, त्याही चांगल्या असतात.

फोन अँकरला करू नका, संपादकालाही नको. गेस्ट कोऑर्डिनेटर किंवा त्या शोचा प्रोड्यूसर, हीच तुमची माणसं. शो दोन आठवडे नीट पाहा: पाहुणे कोण येतात, एकटे बसतात की पॅनलमध्ये, अँकर किती खोलात जातो. मग चॅनेलच्या ऑफिसला फोन करून असाइनमेंट डेस्क, म्हणजे कुठली बातमी कोण करणार ते ठरवणारा विभाग, मागा आणि अमुक शोचे पाहुणे कोण ठरवतं ते विचारा. सरळ विचारलं तर सांगतात. बुलेटिनच्या आधीच्या अर्ध्या तासात मात्र कुणालाही फोन करू नका. सकाळची मीटिंग संपली की लगेचची वेळ उत्तम.

सगळ्या बातम्या काही अचानक येत नाहीत. बजेट, मध्यवर्ती बँकेचं पतधोरण, मोठ्या कंपन्यांचे निकाल, सगळ्याच्या तारखा आधी कळतात. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हच्या नेहमीच्या बैठकाच वर्षाला आठ असतात आणि त्यांचं वेळापत्रक आधी जाहीर होतं. तुमच्या धंद्याला लागू पडतील अशा तारखा कॅलेंडरवर टाका आणि प्रत्येकीच्या दोन-तीन दिवस आधी डेस्कला मेसेज करा. त्या दिवशी सकाळी केलात तर उशीर झालेला असतो.

पहिलीच मुलाखत मोठ्या चॅनेलच्या रात्रीच्या शोवर मिळेल अशी आशा धरू नका. प्रोड्यूसर अनोळखी माणसाला लाइव्ह बसवायला घाबरतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. माणूस अडखळला तर शो त्याचा पडतो. म्हणून आधी फोनो, म्हणजे फक्त फोनवरून प्रतिक्रिया, द्या, बातमीत वापरायला वीस सेकंदांचा बाइट द्या, लहान चॅनेलवर किंवा यूट्यूबवरच्या एखाद्या गंभीर कार्यक्रमात जा. तेही नसेल तर खिडकीसमोर बसवून मोबाइलवर दीड मिनिटाचा व्हिडिओ घ्या, एका चालू प्रश्नावर एक उत्तर. ती लिंक मेसेजमध्ये टाका. डेस्कवाला पहिले वीस सेकंद पाहतो आणि तेवढ्यात त्याला कळतं, हा माणूस मुद्द्यावर येतो की प्रस्तावना करत बसतो.

पैशांचंही सांगून टाकते. मुलाखतीसाठी कुणी पैसे मागितले तर ती मुलाखत नव्हे, जाहिरात आहे. ती घ्यायची तर जाहिरात म्हणूनच घ्या आणि तसा उल्लेख पडद्यावर असू द्या. बातमीच्या नावाखाली विकत घेतलेली वेळ मी माझ्या कुठल्याही क्लायंटला घेऊ देत नाही, कारण त्यात प्रेक्षकाची फसवणूक आहे. आणि डेस्कवरच्या लोकांना ते बरोबर कळतं.

होकार आला की विचारायचं ते एवढंच: लाइव्ह की रेकॉर्डेड, एकटे की पॅनल, सोबत कोण, किती मिनिटं, विषयाची व्याप्ती काय. लेखी प्रश्न आधी मागू नका. कंपनी शेअर बाजारात असेल तर कंपनी सेक्रेटरीकडून काय बोलायचं नाही ते लेखी घ्या. निकालांच्या तोंडावर तर सहसा मुलाखत नकोच. अमेरिकेत २०००पासून रेग्युलेशन एफडी हा नियम आहे: भावावर परिणाम करणारी माहिती निवडक गुंतवणूकदारांना आधी द्यायची नाही, सगळ्यांना एकदम द्यायची. असे नियम इतरत्रही आहेत. कॅमेऱ्यासमोर ओघात निघून गेलेला एक आकडा पुढे फार महागात पडतो.

तयारीत मी सगळ्यात अवघड प्रश्न पहिला विचारते. चार मिनिटांच्या मुलाखतीत पाच प्रश्न धरा, अँकरचा वेळ वजा करा, म्हणजे एका उत्तराला तीस-चाळीस सेकंद उरतात. आमच्या एका साहेबांचं पहिल्या सरावातलं उत्तर दोन मिनिटं दहा सेकंदांचं निघालं. मोबाइलवर त्यांना तेच दाखवलं, मी एक शब्द बोलले नाही. चौथ्या खेपेला ते पस्तीस सेकंदांवर आले आणि उत्तर पहिल्यापेक्षा चांगलं होतं.

दूरच्या स्टुडिओतून बोलायचं असेल तर त्याचा वेगळा सराव हवा. समोर अँकर नसतो, फक्त लेन्स असते आणि कानात आवाज. दुवा उपग्रहाचा असेल तर सिग्नलला जवळपास ३६ हजार किलोमीटर वर जाऊन तेवढंच खाली यावं लागतं, एका दिशेला साधारण पाव सेकंद. प्रश्न संपल्यावर जाणवणारी शांतता हीच असते. ती भरायला जाऊ नका, नाहीतर दोघं एकमेकांवर बोलत राहता. इअरपीस निसटला तर काय करायचं हेही आधी करून पाहा. माझ्या एका क्लायंटचा लाइव्हमध्ये निसटला. त्यांनी वाक्य पूर्ण केलं, इअरपीस परत बसवला, 'प्रश्न पुन्हा सांगाल का?' असं म्हणाले आणि पुढे गेले. आदल्या दिवशी आम्ही मुद्दाम तो तीनदा काढला होता.

मुलाखतीच्या दिवशी तुम्ही स्वतः सोबत जा. ८ मे २००६ रोजी बीबीसीच्या वृत्तवाहिनीवर गाय गोमा नावाचे गृहस्थ थेट प्रक्षेपणात बसवले गेले. ते आले होते नोकरीच्या इंटरव्ह्यूला. बोलवायचं होतं गाय क्यूनी या तंत्रज्ञान पत्रकारांना, आणि ते दुसऱ्याच रिसेप्शनवर वाट पाहत बसले होते. गोमांनी बिचाऱ्यांनी त्या गोंधळातही जमतील तशी उत्तरं दिली. डेस्कवर काम केल्यामुळे मला यात कुणाचा निष्काळजीपणा दिसत नाही, लाइव्हच्या आधीची ती पाच मिनिटं दिसतात. म्हणून प्रोड्यूसरचा मोबाइल नंबर जवळ ठेवा, कुठल्या दाराने यायचं ते विचारा, आणि नाव-हुद्दा पडद्यावर कसा जाणार ते लिहून पाठवा. अॅस्टन, म्हणजे पडद्यावरची ती नावाची पट्टी, चुकीचा गेला तर तो दुरुस्त करायला मुलाखतीनंतर काही उरत नाही.

आणि बातमी तुमच्यावरच असेल तेव्हा? तेव्हा बोलवायला लागत नाही, तेच दाराशी येतात. एप्रिल २०१०मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर स्फोट होऊन ११ कामगार गेले. महिनाभरानंतर ती विहीर खोदून घेणाऱ्या बीपी या तेल कंपनीचे प्रमुख टोनी हेवर्ड कॅमेऱ्यासमोर म्हणाले की हे सगळं संपावं, मला माझं आयुष्य परत हवंय. आधी त्यांनी दिलगिरीही व्यक्त केली होती, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते हेच वाक्य. अशा दिवशी एमडींना पाठवायचं तर ज्यांचं नुकसान झालं त्यांच्याबद्दल त्यांना खरंच काय वाटतं, ते आधी बंद खोलीत ऐका. तिथे ते स्वतःच्या त्रासाबद्दल बोलू लागले तर दुसऱ्या कुणाला तरी पाठवा.

एजन्सीचं विचारलंत. एजन्सीकडे डेस्कचे नंबर असतात आणि त्याचा उपयोग होतो, पण एमडींना मीटिंगमधून उठवणं एजन्सीला जमत नाही. ते तुम्हालाच करावं लागेल. म्हणून आधी तीन महिने स्वतः करून पाहा. आणि एमडी प्रवासात असताना डेस्कचा फोन आला, तर 'नाही' म्हणून ठेवू नका. मी एकदा अशा वेळी प्रतिस्पर्धी कंपनीतल्या एका जाणकार बाईंचं नाव सुचवलं होतं. आमचे साहेब दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. तीन आठवड्यांनी त्याच कोऑर्डिनेटरचा फोन आला, 'उद्या तुमचे सर आहेत का? पूर्ण दहा मिनिटं, एकटेच.'