समुद्रकिनारी निवांत सुट्टी कशी आखावी आणि किनाऱ्यावरच्या रेस्टॉरंटांत खाताना काय पाहावं?

तुम्ही विचारलंय की चार-पाच दिवस समुद्रावर नुसता आराम करायचा आहे, तिथल्याच छोट्या रेस्टॉरंटांत जेवायचं आहे, तर आखणी कशी करावी. माझं म्हणणं असं, की प्रेक्षणीय स्थळांची यादी करूच नका. त्या दिवसांच्या भरती-ओहोटीच्या वेळा तेवढ्या काढून ठेवा. कधी चालायचं, कधी पडून राहायचं, कुठे आणि काय खायचं, हे बरंचसं त्यावरून आणि मासेमारीच्या बोटींवरून ठरतं.

बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून रोजची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पहिल्या दिवशी सकाळी सातला ओहोटी असेल तर चौथ्या दिवशी ती साडेनऊच्या आसपास येणार. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं. तेव्हा पाणी चढतंही जास्त आणि ओसरतंही जास्त. हे आधी बघायचं कारण म्हणजे, उतार कमी असलेल्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरतीत बसायला वाळूच उरत नाही. हॉटेलच्या फोटोत रुंद किनारा दिसतो, तो बहुधा ओहोटीला काढलेला असतो. अर्थात समुद्रासमुद्रात फरक आहे. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात पाणी १६ मीटरपर्यंत चढतं, तर भूमध्य समुद्रात बऱ्याच ठिकाणी हा फरक जेमतेम फूटभर असतो. तिकडे जाणार असाल तर ही चिंता सोडून द्या.

ओहोटीच्या वेळी ओली, घट्ट वाळू उघडी पडते आणि तिच्यावर अनवाणी कितीही चालता येतं. सकाळ आणि ओहोटी जुळून आली तर तो दिवस मी फक्त चालण्यासाठी ठेवते. दुपारी जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा सुटतो. पुस्तक वाचायचं असेल तर सकाळचीच वेळ बरी, दुपारी पानं धरून ठेवण्यातच लक्ष जातं. सूर्य मावळतीला आला की वारा बहुधा पडतो.

पाण्यात उतरण्याबद्दल एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. लाटा सगळीकडे पांढऱ्या फुटताहेत आणि मधेच एक पट्टा गडद, शांत दिसतोय, तर तिथे उतरू नका. नवख्या माणसाला तीच जागा सुरक्षित वाटते. पण अनेकदा तिथूनच पाणी जोराने आत परत जात असतं. अशा ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे पोहण्याचा अट्टहास करू नका. तरंगत राहा, मदतीसाठी हात वर करा आणि जमेल तेव्हा किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघा. जीवरक्षक असलेला किनाराच निवडा.

आता जेवण. माझ्या मते समुद्रावर मुख्य जेवण दुपारचंच असावं. बोटी पहाटे किंवा सकाळी धक्क्याला लागत असतील तर मासळी दुपारी सर्वांत ताजी असते, आणि नेमकं त्याच वेळी ऊन सर्वांत वाईट असतं. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि लाटांचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परतवतो, त्यामुळे छत्रीखाली बसूनही त्वचा भाजते. तेव्हा अकरा ते तीन पक्क्या छपराखाली सावकाश जेवा. बाकीच्या वेळी सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावा.

रेस्टॉरंट निवडताना समुद्र किती छान दिसतो, याला मी फारसं महत्त्व देत नाही. वाळूवरच्या पहिल्या रांगेतल्या जागा बऱ्याचदा एकदाच येणाऱ्या गिऱ्हाइकावर चालतात. शक्य असेल तर सकाळी धक्क्यावर चक्कर मारा, टोपल्यांत काय उतरतंय ते बघा. मग दुपारी टेबलावर बसताना मेन्यू हातात घ्यायच्या आधी विचारा, "आज काय आलंय?" दोन-तीन नावं सांगून "बाकीचं आज नाही" असं उत्तर आलं, तर निश्चिंत बसा. लांबलचक यादीतलं सगळंच मिळत असेल तर बरंचसं फ्रीजरमधलं आहे हे समजून घ्या. फ्रीजरमधलं म्हणजे वाईटच, असं मात्र नाही. पकडल्या पकडल्या नीट गोठवलेला मासा, दिवसभर बर्फाविना पडलेल्या "ताज्या" माशापेक्षा केव्हाही चांगला. समुद्र खवळलेला असेल किंवा प्रजननाच्या काळात मासेमारी बंद असेल, तर ताज्याचा हट्ट सोडा आणि जे पिकतं-मिळतं ते खा.

मासा दाखवायला सांगण्यात संकोच करू नका, चांगला मालक आनंदाने दाखवतो. डोळे फुगीर आणि नितळ हवेत, खोल गेलेले किंवा दुधाळ नकोत. कल्ले लालबुंद हवेत, तपकिरी नकोत. बोटाने दाबलं की मांस लगेच वर यायला हवं, खळगा तसाच राहिला तर मासा शिळा. वास खाऱ्या पाण्याचा असावा, नाकात झोंबणारा नको. असा मासा मिळाला तर कमीत कमी मसाल्यात, अख्खा, काट्यासकट करून मागा. दाट रश्शात ताजा-शिळा सगळा सारखाच लागतो.

दोन बाबतींत मी फार काटेकोर आहे. कालवं आणि शिंपले पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातली घाण आणि जंतू त्यांच्यात साठतात. ते पाणी कुठलं आहे याची खात्री नसेल तर कच्चे खाऊ नका. दुसरं म्हणजे बांगडा, ट्यूना यांसारखे मासे उन्हात राहिले की त्यांच्यात हिस्टामिन (अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारं रसायन) तयार होतं आणि ते शिजवूनही जात नाही. घास तिखट, झोंबरा लागला किंवा ओठांना मुंग्या आल्या, तर तिथेच थांबा. चेहरा लाल झाला, धडधडायला लागलं किंवा श्वास लागला तर थेट डॉक्टरकडे जा.

आवडलेल्या जागी दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. रोज नवीन ठिकाण शोधण्यात सुट्टीचं काम होऊन बसतं. शिवाय दुसऱ्यांदा गेलं की स्वयंपाकघरातून आपणहून सांगतात, आज हे घेऊ नका, ते घ्या.

राहण्याची खोली मात्र जेवणाच्या जागेपासून आणि पाण्यापासून चालत जाता येईल अशीच घ्या, थोडी लहान असली तरी चालेल. गाडी काढावी लागली की पार्किंग, घाई आणि "आता निघालोच आहोत तर तेही बघून घेऊ" सुरू होतं.