‘चार्ज’चं ओझं

प्रश्न : मोबाइल चार्ज होतो, साहेब चार्ज घेतात, पोलीस लाठीचार्ज करतात, बँक चार्जेस लावते. एकाच शब्दाचे इतके अर्थ मुलांना कसे समजावून सांगावेत? (शिक्षिका, औसा, जि. लातूर)

फळ्यावर आधी बैलगाडी काढा. लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे गाडी. त्यावरून झालं ‘कार्रिकारे’, म्हणजे गाडीत माल लादणं. तेच फ्रेंचमधून इंग्रजीत ‘चार्ज’ होऊन आलं. कार, कॅरी, कार्गो ही याच कुळातली भावंडं. मग प्रत्येक वापराला दोनच प्रश्न विचारायचे : काय लादलं, आणि कशावर? बंदुकीत दारू भरली, बॅटरीत वीज भरली, अधिकाऱ्यावर काम सोपवलं, गिऱ्हाइकावर पैसे लावले, माणसावर गुन्हा ठेवला. सगळा चार्जच.

मराठीची वाटही फार वेगळी नाही. कार्यभार, अधिभार, विज्ञानाच्या पुस्तकातला विद्युत प्रभार, तिन्हींत ‘भार’ आहेच. ‘आरोप’ म्हणजेही मुळात वर चढवणं, ठेवणं; वृक्षारोपणातलं ‘आरोपण’ तेच. आणि रिचार्ज म्हटलं की आपल्याकडच्या पोरांना मोबाइल आठवतो तसं विहीर पुनर्भरणही आठवायला हवं. तिथंही पुन्हा भरणंच आहे.

लाठीचार्ज मात्र या चौकटीत सरळ बसत नाही. तिथं चार्ज म्हणजे अंगावर धावून जाणं. तो अर्थ वेगळाच शिकवा, ओढूनताणून जुळवू नका.

प्रश्न : बँकेच्या इंग्रजी कागदात माझ्या जमिनीवर ‘चार्ज’ लिहिलाय, सातबाऱ्यावर ‘बोजा’. दोन्ही एकच का? कर्ज फिटलं तरी बोजा दिसतोच आहे. (शेतकरी, अंबड, जि. जालना)

एकच. ‘चार्ज’ला इतका नेमका मराठी शब्द दुसरा सापडणार नाही. पण शब्दकोशात त्याच्या शेजारी ‘मॉर्गेज’ दिसलं तर फसू नका. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात दोन्ही वेगळे आहेत. गहाणात, म्हणजे कलम ५८ खाली, जमिनीतला हितसंबंध धनकोकडे जातो. कलम १०० खालच्या चार्जमध्ये जमीन फक्त देण्याला बांधली जाते. सोसायटीच्या पीककर्जासाठी लिहून देतात तो इकरार या दुसऱ्या जातीचा.

आता बोजा का निघाला नाही? बँकेनं तिच्या वहीत खातं बंद केलं, पण सातबारा महसूल खात्याचा. तुम्ही बँकेकडून बेबाकी, म्हणजे देणं बाकी नसल्याचं, प्रमाणपत्र घ्या. त्यावर नाव, कर्जखाते क्रमांक आणि गट नंबर बरोबर आहेत का, हे तिथंच उभं राहून तपासा. मग तलाठ्याकडे बोजा कमी करण्याचा अर्ज द्या. फेरफार नोंद होते, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. त्यानंतर नवा सातबारा काढून ‘इतर हक्क’ रकाना पाहा. बोजा तरीही दिसला, तर नोंदीतलं नाव आणि फेरफार क्रमांक वाचा. सामाईक गटात तो बोजा भावाच्या कर्जाचा असू शकतो, किंवा तुमचाच, पण दुसऱ्या संस्थेचा. त्याला या बेबाकीचा उपयोग नाही.

प्रश्न : चार्ज, फी, फेअर, प्राइस यांत परीक्षेत नेहमी घोळ होतो. (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, परभणी)

वस्तूची प्राइस, प्रवासाचं फेअर, डॉक्टर-वकिलाची फी, सेवेचा चार्ज. एसटीचं तिकीट फेअर. त्याच एसटीनं पार्सल धाडलं की चार्ज. मोंढ्यात सोयाबीनला मिळालेला भाव प्राइस, त्यातून कापलेली हमाली नि तोलाई चार्जेस.

‘चार्ज म्हणजे शुल्क’ एवढंच पाठ करू नका. घरचं वीजबिल घ्या. त्यात स्थिर आकार, वहन आकार हे चार्ज. त्याच बिलातलं ‘वीज शुल्क’ मात्र चार्ज नव्हे, ती ड्यूटी, शासनाचा कर.

गुण जातात ते शब्दयोगी अव्ययात. पैशासाठी ‘चार्ज फॉर’, आरोपासाठी ‘चार्ज विथ’, पण ‘अक्यूझ ऑफ’. ‘चार्ज्ड ऑफ मर्डर’ चूक. अर्थही सारखा नाही : अक्यूझ शेजारीही करू शकतो, या अर्थाचं चार्ज करायला कायद्यानं दिलेला अधिकार लागतो. भाषांतरात आणखी एक चूक होते. चार्जशीट, म्हणजे दोषारोपपत्र, पोलीस दाखल करतात. चार्ज ‘फ्रेम’ करतं न्यायालय, तेही नंतर. पहिल्या बातमीला ‘आरोप निश्चित’ असा मथळा देणं चुकीचं.

प्रश्न : ‘इन चार्ज ऑफ’ आणि ‘इन द चार्ज ऑफ’ एकच ना? (हिंगोली)

उलटे आहेत. ‘द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड’, इथं सांभाळणारी नर्स आधी येते. ‘द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स’, इथं ज्याला सांभाळायचं ते मूल आधी. एका ‘द’नं बाजू फिरते.

जाता जाता : ‘प्रभारी मुख्याध्यापक’ याचं इंग्रजी करताना ‘अ‍ॅक्टिंग’ वापरा. आपल्या ‘प्रभारी’त तात्पुरतेपणा आहे, नुसत्या ‘इन चार्ज’मध्ये तो नाही.