पितळ गुलाबी दिसलं की उशीर झाला

प्रश्न : मालवणात आमचा स्कूबा डायव्हिंगचा लहानसा धंदा आहे. पावसाळ्यात काम बंद, म्हणून यंदा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा श्वासाला देणारी यंत्रं, घरीच खोललेत. सुट्या भागांचं किट आणून ठेवलंय. सिलिंडरला जोडतो त्या भागात, फर्स्ट स्टेजमध्ये, हिरवा गंज आणि पांढरा थर दिसतो. मित्र म्हणतो, बाथरूमच्या ॲसिडात पाच मिनिटं टाक आणि वर गंजाचा स्प्रे मार. करू का?

उत्तर : नको. दोन्ही नको.

बाथरूमचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक. हिरवं खाऊन झालं की ते थांबत नाही, क्रोम जिथे उडालंय तिथून खालच्या पितळात शिरतं. त्यात जवळपास ब्लीच असेल आणि दोन्ही एकत्र सांडलं, तर क्लोरीन वायू सुटतो. स्प्रेचं म्हणाल तर त्यातलं तेल तुमच्याच फुप्फुसात जाणार. शिवाय रबर फुगतं ते वेगळंच.

समई चिंचेत रात्रभर विसरली की गुलाबी पडते, पाहिलंय ना? पितळातलं जस्त निघून जातं, तांबं मागे उरतं आणि धातू वरून पोचट होतो. शिकत होतो तेव्हा मी असंच एक रेग्युलेटर घालवलं, सुदैवाने स्वतःचंच. बॉडी व्हिनेगरात टाकून जेवायला गेलो, पाहुणे आले, आणि आठवण झाली ती सकाळी. ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारं रबरी कडं, बसते ती खाच गुलाबी आणि हाताला खरखरीत. नवी रिंग घातली तरी पाण्यात बुडबुडे येतच राहिले. व्हिनेगरसुद्धा ॲसिडच आहे, हे मी त्या दिवशी शिकलो.

तर आधी रबर आणि प्लास्टिक सगळं बाहेर काढा. ओ-रिंग काढायला पितळी किंवा प्लास्टिकचा आकडा घ्या. लोखंडी सुईचा एक ओरखडा त्या खाचेत पडला की 200 बारची हवा तिथूनच वाट काढते. जुनी सीट (झडप जिच्यावर टेकून हवा अडवते ती) आणि हवा आत शिरते तिथली जाळी धुवत बसू नका. किटमध्ये नव्या असतात, जुन्या फेकून द्या. रंगीत ॲल्युमिनियमचे भाग ॲसिडात अजिबात नकोत, त्यांना नुसतं साबणाचं पाणी.

काचेच्या वाडग्यात पांढरं व्हिनेगर आणि तितकंच गरम पाणी, हाताला सोसेल एवढं, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब. भाग एकमेकांना लागू देऊ नका. पांढऱ्या थरावर बारीक फेस येतो, तो थांबला की बाहेर काढा. पाच मिनिटं खूप झाली, दहाच्या पुढे तर जाऊच नका. उरलेलं मऊ टूथब्रशने. भांड्यांची पावडर आणि तारेचा ब्रश स्वयंपाकघरातच राहू द्या. अल्ट्रासॉनिक मशीन असेल तर त्यातही हेच पाणी. पेट्रोल किंवा थिनर ओतलंत तर आग लागेल.

खरा वेळ धुण्यात घालवा. आधी भरपूर गोडं पाणी, मग चिमूटभर खायचा सोडा घातलेलं पाणी, पुन्हा गोडं पाणी आणि शेवटी डिस्टिल्ड, कारण विहिरीच्या पाण्याचे डाग राहतात. वाळवायला डायव्हिंगच्या सिलिंडरची हवा घ्या, दाब कमी ठेवून आणि डोळ्यांवर गॉगल लावून. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची नको, त्यात तेल असतं. पंच्याने पुसू नका, धागे आत राहतात.

ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस फक्त चमक येईल इतकंच. पण 40 टक्क्यांहून जास्त ऑक्सिजनचं मिश्रण वापरत असाल तर सिलिकॉन चालत नाही, ते पेट घेऊ शकतं. असे सेट तंत्रज्ञाकडेच द्या.

जोडल्यावर मधला दाब, म्हणजे फर्स्ट स्टेजमधून बाहेर पडणाऱ्या हवेचा, गेजवर बघा. आकडा कंपनीच्या पुस्तकातला धरायचा, बहुतेक सेटमध्ये तो 9 ते 10 बारच्या आसपास असतो. काटा तिथे थांबला पाहिजे. हळूहळू वर सरकत राहिला तर सीट नीट बसलेली नाही. गेज नसेल, किंवा जोडणीचं शिक्षण घेतलेलं नसेल, तर साफसफाईपर्यंतच थांबा आणि तो सेट पर्यटकाच्या तोंडात देऊ नका.

आणि हो, पिवळा ऑक्टोपस, म्हणजे अडचणीसाठी ठेवलेला जादा माउथपीस, तोही खोला. त्यातून कोणी श्वास घेत नाही म्हणून कोणी बघत नाही, आणि तो बिचारा सीझनभर तळाच्या वाळूत फरफटत असतो.