तलंगांना लिटर कधी मोकळं करायचं?

तुमची घाई समजते. पिंजऱ्याबाहेर कोंबडी पाळायची, तर तिने पायाने उकरावं, धुळीत लोळावं, हे बघायलाच तर हा खटाटोप. तरीही एकावर एक मजले असलेल्या शेडमध्ये तलंगा, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण कोंबड्या, आणल्यावर लगेच खालचं लिटर, म्हणजे जमिनीवर पसरलेला भुशाचा थर, उघडू नका. आधी त्यांना खाद्य, पाणी, बसायच्या दांड्या आणि अंडी घालायच्या पेट्या नीट सापडू द्या.

अंडी सुरू झाली की वेळ सांभाळा. बहुतेक कोंबड्या दिवे लागल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत अंडी घालतात. तेवढा वेळ लिटर बंद, दुपारी उघडं. धुळीत लोळायची त्यांची हौसही दुपारीच जास्त असते. पेटीची सवय पक्की झाली की लिटरकडे जायचं दार हळूहळू लवकर उघडत जा. कायम बंद ठेवणं मात्र मला पटत नाही. उकरायला मिळालं नाही की त्या एकमेकींची पिसं टोचतात.

सुरुवातीला थर पातळच ठेवा. जाड, मऊ भुसा दिसला की तिला तेच घरटं वाटतं! अंधारे कोपरे उजळा. खाली पडलेलं अंडं दिवसातून अनेकदा उचला, कारण एक दिसलं की दुसरी तिथेच बसते.

आणि ओलावा रोज बघा. मूठभर लिटर दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे, अमोनिया वाढणार. पाण्याची गळती शोधा, हवा खेळती करा. दार उघडताना पहिले काही दिवस स्वतः उभे राहा. एका कोपऱ्यात झुंबड झाली तर खालच्या कोंबड्या गुदमरून मरतात.