पल्सारला 'स्पंदक' म्हणावं का?

प्रश्न असा आलाय की पल्सार या ताऱ्याला मराठीत 'स्पंदक' म्हणायचं की 'स्पंदतारा', आणि गॅमा किरणांवर (क्ष-किरणांहूनही जास्त ऊर्जेचे किरण) लिहिताना त्यातला कुठला बरा वाटेल. मला विचाराल तर दोन्ही नको, सरळ पल्सार लिहा.

स्पंदन म्हटलं की आपल्याला छाती आठवते, फुगणं-आक्रसणं. तसे खरंच फुगणारे-आक्रसणारे तारे आहेत, सेफीड वगैरे, ते स्पंदन त्यांचं. पल्सार धडधडत नाही हो, तो गरगर फिरतो! जेमतेम वीसेक किलोमीटर रुंदीचा न्यूट्रॉन तारा, म्हणजे मोठा तारा फुटल्यावर उरलेला घट्ट गोळा; क्रॅब नेब्युला या तेजोमेघातला सेकंदाला ३० वेळा फिरतो, वेला तारकासमूहातला ११ वेळा, आणि दर फेरीला त्याच्या किरणांचा झोत आपल्यावरून गेला की इकडे ठोका पडतो, दीपगृहाचा दिवा कसा लांबून लुकलुकल्यासारखा दिसतो तसं. इंग्रजी नावातही (पल्स म्हणजे ठोका) हीच गफलत आहे म्हणा, पण तिथे ते आता नुसतं नाव उरलंय, आपण मात्र गफलतीचंही भाषांतर करून ठेवतो.

गॅमा किरणांचा अभ्यास करणाऱ्यांनी एका पल्सारला ठेवलेलं नाव बघा. १९७० च्या दशकात सास-२ उपग्रहाला मिथुन राशीत गॅमा किरणांचा एक स्रोत दिसला, पण रेडिओत वगैरे शोधायला जावं तर तिथे काही सापडेना. इटलीच्या जिओव्हानी बिन्यामींनी त्याला 'जेमिंगा' म्हटलं, जेमिनी (मिथुन) अधिक गॅमा, आणि मिलानच्या बोलीत 'घे मिंगा' म्हणजे 'नाहीच्चे तिथे'! तो पल्सार आहे हे १९९२ मधे कळलं.

'दुर्बीण' शब्द चालेल का, हेही विचारलंय. गॅमा किरण वातावरणात अडतात म्हणून २००८ साली फर्मी ही गॅमा वेधशाळा अवकाशात पाठवली, तिच्या मुख्य उपकरणात ना आरसा ना भिंग, टंगस्टनच्या पातळ पत्र्यात किरण शिरला की इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी निघते आणि सिलिकॉनच्या पट्ट्या त्या जोडीची वाट टिपतात, त्यावरून किरण कुठून आला ते काढायचं. पण फारसीत दूर-बीन म्हणजे लांबचं बघणारी, भिंगाची अट कुठंय त्यात? बिनधास्त दुर्बीण लिहा. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीलाही (रेडिओ लहरी टिपणाऱ्या मोठमोठ्या अँटेनांचा समूह) आपण दुर्बीणच म्हणतो, आणि फर्मीला दिसलेल्या अनोळखी स्रोतांच्या जागी तिने मिलिसेकंद पल्सार, म्हणजे काही मिलिसेकंदांत एक फेरी मारणारे, शोधलेत.

लिंगाचं म्हणाल तर तारा तो पल्सार, आकुर्डीवाल्यांची गाडी ती पल्सर, काना विसरलात तर वाचणारा ॲव्हरेज विचारेल.