लिपिडयुक्त ॲडज्युव्हंटमुळे लसीची पेशीय प्रतिकारशक्ती नेमकी कशी वाढते?

ॲल्युमिनियमचे क्षार लसींमध्ये इतकी वर्षे चालत आले असताना लिपिडवर (मेदद्रव्यांवर) आधारलेली ॲडज्युव्हंट, म्हणजे लसीचा परिणाम वाढवणारी पूरक द्रव्ये, कशासाठी आणली, आणि नागिणीची नवी लस घेतल्यावर दंड ठणकतो तो त्यांच्यामुळेच का, असे आपण विचारले आहे. मी रोगप्रतिकारशास्त्र शिकवतो, आणि हा विषय समजावताना नागिणीच्याच लसीपासून सुरुवात करतो, कारण केवळ प्रतिपिंडांनी भागत नाही हे तिच्याइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

कांजिण्या बऱ्या झाल्यावर त्यांचा विषाणू शरीराबाहेर जात नाही. तो चेताग्रंथींमध्ये दबून राहतो आणि त्याला दाबून ठेवण्याचे काम मुख्यतः टी-पेशी, म्हणजे प्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, करतात. वय वाढले तरी या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे बऱ्यापैकी टिकून असतात, मात्र त्याला ओळखणाऱ्या टी-पेशी रोडावत जातात, आणि मग नागीण उठते. ग्लेनी यांनी १९२६ मध्ये घटसर्पाच्या निर्विष केलेल्या विषाचा तुरटीने साका बसवून दाखवला, तेव्हापासून ॲल्युमिनियमचे क्षार प्रतिपिंडे वाढवण्याचे काम चोख करत आले आहेत. पण पेशींच्या आतल्या शत्रूशी लढणाऱ्या टी-पेशींना ते फारसे चेतवत नाहीत.

नागिणीच्या ‘शिंग्रिक्स’ या लसीच्या दोन कुप्या असतात. एकीत विषाणूच्या कवचावरील एका प्रथिनाची पांढरी पूड असते आणि दुसरीत एएस०१ नावाच्या ॲडज्युव्हंटचे किंचित दुधट दिसणारे द्रव. टोचण्यापूर्वी दोन्ही एकत्र करतात. तो दुधटपणा लिपोसोमचा, म्हणजे फॉस्फोलिपिड व कोलेस्टेरॉल यांच्या अतिसूक्ष्म पोकळ गोळ्यांचा असतो. त्यांच्या भिंतीत दोन द्रव्ये बसवलेली असतात. पहिले एमपीएल, ते साल्मोनेला जिवाणूच्या आवरणातील लिपिडपासून, त्याचा विषारीपणा बराचसा काढून टाकून, तयार करतात. दुसरे क्यूएस-२१, चिलीतील क्विलाजा वृक्षाच्या सालीतले सॅपोनिन. रिठ्याला फेस आणणारी द्रव्ये याच वर्गातली. सॅपोनिन सुटे दिले तर ते पेशींच्या आवरणातील कोलेस्टेरॉलला चिकटून तांबड्या पेशी फोडते. लिपोसोममध्ये त्याला कोलेस्टेरॉल आधीच मिळालेले असल्यामुळे ते तेथेच बांधलेले राहते. लिपिड येथे केवळ वाहक नाही, ते लगामही आहे, आणि मला या रचनेतील हीच गोष्ट सर्वांत चतुर वाटते.

टोचल्यानंतर काही तासांतच हे मिश्रण जवळच्या लसीकाग्रंथीत पोहोचते. एमपीएल टीएलआर-४ या ग्राहीला, म्हणजे पेशीवरील जिवाणू ओळखणाऱ्या प्रथिनाला, जागे करते, म्हणजे जिवाणू आल्याची वर्दी देते. क्यूएस-२१ ग्रंथीच्या कडेला असलेल्या भक्षकपेशींना चेतवते. उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले, की या दोघांच्या एकत्रित परिणामामुळे नैसर्गिक मारकपेशी व ग्रंथीतील काही टी-पेशी पहिल्याच दिवशी इंटरफेरॉन-गॅमा हे इतर पेशींना चेतवणारे संदेशद्रव्य सोडतात, आणि त्या वातावरणात डेंड्रायटिक पेशी (टी-पेशींना शत्रूची ओळख करून देणाऱ्या पेशी) प्रतिजन, म्हणजे लसीतले विषाणूचे प्रथिन, नुसता दाखवत नाहीत, तर सहाय्यक टी-पेशींना इंटरफेरॉन निर्माण करणाऱ्या वळणावर नेतात. एकट्या द्रव्याने हे तितके साधत नाही. शिवाय ॲडज्युव्हंट आणि प्रतिजन वेगवेगळ्या जागी दिले, किंवा त्यांच्यात फार काळ जाऊ दिला, तर परिणाम उरत नाही; वर्दी आणि चोर एकाच वेळी एकाच चौकीत यावे लागतात.

मात्र ‘पेशीय प्रतिकारशक्ती’ हा शब्द जरा सैल आहे, आणि लेखांत तो अनेकदा बेफिकिरीने वापरला जातो. सीडी-४ पेशी सहाय्य करतात, सीडी-८ पेशी बाधित पेशी मारतात. बाहेरून आलेले प्रथिन सहसा सीडी-४ पेशींनाच दाखवले जाते. सीडी-८ पेशी चेतवायच्या तर त्याला पेशीच्या अंतर्भागात शिरावे लागते. सॅपोनिन एंडोसोमचे, म्हणजे पेशीने गिळलेले द्रव्य ज्या पिशवीत असते तिचे, आवरण ढिले करून ही वाट उघडू शकते, असे प्रयोगशाळेत दिसते. तरीही माणसांमध्ये नागिणीच्या या लसीने मुबलक वाढतात त्या सीडी-४ पेशी. सीडी-८ पेशींचा प्रतिसाद जेमतेमच आढळतो. नागिणीपुरते तेवढे पुरते, कारण पन्नाशीपुढच्या लोकांमधील मोठ्या चाचणीत लसीची परिणामकारकता सुमारे ९७ टक्के भरली.

एमआरएनए लसींतील लिपिड नॅनोकण हे दार दुसऱ्या रीतीने उघडतात: ते प्रथिनाचा आराखडाच (एमआरएनए) पेशीत पोहोचवतात, प्रथिन आतच तयार होते आणि सीडी-८ पेशींना ते आपोआप दिसते. याउलट स्क्वालिन तेलाचे एमएफ५९ हे ॲडज्युव्हंटही लिपिडच, पण त्याचा भर प्रामुख्याने प्रतिपिंडांवर राहतो. तेव्हा लिपिड आहे म्हणून टी-पेशी वाढतीलच, असे धरून चालू नये. त्यात काय बसवले आहे, ते पाहावे.

राहिला दंडाचा प्रश्न. होय, तो ठणका बहुतांशी ॲडज्युव्हंटचाच असतो. वर सांगितलेल्या चाचणीत लस घेतलेल्यांपैकी सुमारे १७ टक्के लोकांना रोजची कामे अडावीत इतका त्रास झाला. नुसते मिठाचे पाणी टोचलेल्यांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते. हा त्रास बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरतो, आणि त्याच्या भीतीने दुसरी मात्रा टाळू नये.